अर्धा फोन एक्स्चेंजमध्ये

डायलचा काळा फोन पालथा घालून खालचे स्क्रू सोडवले, की आधी नजरेत भरतं ते आत किती कमी सामान आहे हे. दोन वाट्यांची घंटी, तांब्याच्या तारेची वेटोळी, एक कंडेन्सर, रिसीव्हर ठेवला-उचलला की हलणाऱ्या पट्ट्या आणि डायल. सेल नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, विजेच्या प्लगला जाणारी वायर नाही. घरातले दिवे गेले तरी हा फोन चालायचा, कारण त्याची वीज महावितरणाची नव्हतीच. ती एक्स्चेंजमधल्या शिशाच्या बॅटऱ्यांची होती. पन्नासेक व्होल्टचा तो पुरवठा दोन तारांवरून गल्लीगल्लीत पोचायचा. बोलायची वीज तिथली, वाजायची वीज तिथली, आकडे मोजणारं यंत्रही तिथलंच. घरात होता तो अर्धाच फोन.

जुना फोन दुरुस्त करायला बसणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं. नाहीतर तो घंटी उकलत बसतो आणि घंटीचा काही दोष नसतो.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या फोनांवर आयटीआयचं नाव सापडतं. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा बंगळुरूचा कारखाना १९४८ साली निघाला. स्वतंत्र भारतातला पहिला सार्वजनिक उपक्रम म्हणून तो ओळखला जातो, आणि त्याच्याभोवती वसलेल्या वसाहतीचं नावच दूरवाणीनगर. तंत्र आणलं लिव्हरपूलच्या कंपनीकडून, त्यामुळे आपले फोन ब्रिटिश वळणाचे. फोन भक्कम होते. तुटवडा होता तो लाइनींचा. अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं, नाहीतर ‘ओवायटी’ म्हणजे ‘ओन युअर टेलिफोन’ योजनेखाली मोठी अनामत भरायची, नाहीतर ओळखीच्यांना शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर देऊन ठेवायचा. म्हणूनच ज्या घरात तो आला, तिथे जाळीदार रुमालाखाली वर्षानुवर्षं टिकला आणि आज पुन्हा वाजवायच्या लायकीचा उरला.

आता घंटी. १८७८ साली ग्रॅहॅम बेलचा सहकारी टॉमस वॉटसन याने जी रचना केली, तीच मूळ कल्पना शंभर वर्षं चालली. कायमचं चुंबक, दोन वेटोळी आणि मध्ये डुलणारी लोखंडी पट्टी. तिला जोडलेला छोटा हातोडा. घंटीसाठी एक्स्चेंज लाइनवर सुमारे ७५ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह सोडतं, सेकंदाला २५ आवर्तनं. दर आवर्तनात पट्टी एकदा इकडे, एकदा तिकडे झुकते, म्हणजे सेकंदाला ५० ठोके. दोन वाट्यांचा सूर मुद्दाम किंचित वेगळा ठेवलेला असतो, त्या फरकानेच आवाज भरीव होतो. (वाजत्या फोनच्या उघड्या पट्ट्यांना हात लावू नये. ७५ व्होल्टचा झटका चांगलाच जाणवतो.)

घंटी खटखट करत असेल तर वाट्या तपासाव्यात. त्यांचं भोक बरोबर मध्यावर नसतं. ही कारखान्याची चूक नव्हे. स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की ती हातोड्याच्या जवळ किंवा लांब जाते. हातोडा स्थिर असताना वाटीला टेकला तर नाद मरतो, फार दूर राहिला तर पोचतच नाही. एका बाजूला केसाएवढी फट ठेवायची, मग दुसरीकडची जुळवायची. हे कानानेच जमतं. डायल फिरवताना घंटी बारीक किणकिणत असेल, तर लाइनच्या दोन तारांची अदलाबदल करून बघावी. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

पण ‘ट्रिंग-ट्रिंग, ट्रिंग-ट्रिंग’ ही लय मात्र घंटीत शोधून सापडणार नाही. ०.४ सेकंद वाजणं, ०.२ सेकंद थांबणं, पुन्हा ०.४ वाजणं आणि मग दोन सेकंद गप्प, हा ताल एक्स्चेंजचा, ब्रिटिशांकडून आलेला. अमेरिकन सिनेमात फोन दोन सेकंद एकसलग वाजतो आणि चार सेकंद गप्प बसतो. घंटी त्याच जातीची, वाजवणारा वेगळा.

कंडेन्सर हा खरा संशयित. दोन मायक्रोफॅरडच्या आसपासचा हा तुकडा घंटीशी एका माळेत असतो. एक्स्चेंजचा सरळ प्रवाह तो अडवतो आणि घंटीचा उलटसुलट प्रवाह जाऊ देतो. जुने कागदी कंडेन्सर गळू लागले की सरळ प्रवाह थोडा झिरपतो, एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचलला, आणि घंटी अर्ध्या ठोक्यात बंद पडते. निदान २५० व्होल्ट सोसणारा नवा प्लास्टिक फिल्मचा बसवला की झालं. लंडनहून हौसेने आणलेल्या फोनचं दुखणं वेगळं. ब्रिटनमध्ये १९८१ पासून नव्या पद्धतीच्या सॉकेटांमध्ये घंटीचा कंडेन्सर सॉकेटमध्येच गेला आणि घंटीसाठी तिसरी तार आली. त्या मांडणीसाठी बदललेला फोन आपल्या दोन तारांच्या सॉकेटला लावला, तर बोलता येतं, पण घंटी मुकी राहते. आतली जोडणी पूर्ववत करावी लागते.

डायलमध्ये वीज तयार होत नाही, ती फक्त तुटते. सात फिरवला की डायल परत येताना लाइन सात वेळा क्षणभर तुटते, शून्याला दहा वेळा. वेग ठरलेला, सेकंदाला दहा. तो राखतो आतला चिमुकला गव्हर्नर. त्याची वजनं फिरताना बाहेर फेकली जातात आणि ब्रेक लागतो. जुनं ग्रीस घट्ट झालं की वेग सात-आठवर येतो आणि नंबर चुकीचा लागतो. जुनं पुसून घड्याळाच्या तेलाचा थेंब पुरे. वेग मोजायला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून लहरीतले कडकडाट मोजावेत. पट्ट्यांवर सँडपेपर मुळीच नको, मध्ये जाड कागद सरकवून ओढला की काजळी निघते.

लाइन तोडणं हेच डायलचं काम असल्यामुळे एक चोरवाटही होती. घरमालकाने डायलच्या भोकात कुलूप घातलं, तरी रिसीव्हरखालची कळ योग्य वेगात दाबून पोरं नंबर लावायची. न्यूझीलंडमध्ये आकडे उलटे होते, तिथे एक फिरवला की लाइन नऊ वेळा तुटायची, म्हणजे नऊ ठोके जायचे. हे ठोके मोजून आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचं पेटंट १८९१ साली घेतलं आल्मन स्ट्राउजर या कॅन्सस सिटीतल्या अंत्यसंस्काराच्या व्यावसायिकाने. एक्स्चेंजमधली बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता म्हणतात. संशयाचं खरंखोटं देव जाणे. पुढे आयटीआयने आपल्या एक्स्चेंजांसाठी घडवलं ते याच वंशाचं यंत्र.

बोलण्याच्या बाजूला फारसं बिघडत नाही. आवाज दबका येत असेल तर माइकातले कार्बनचे कण गोळा झालेले असतात. रिसीव्हर तळहातावर दोन-चार वेळा आपटावा.

एवढं सगळं करूनही फोन गप्प राहिला, तर राहिलेला अर्धा भाग उभा करावा लागतो. तांब्याच्या लाइनी निघाल्या, घरात फायबरचा मोडेम आला. त्याच्या फोनच्या खोबणीत लाइनचे व्होल्ट आहेत, घंटीचीही वीज आहे, पण बऱ्याचदा ७५पेक्षा कमी. एक जुनी घंटी कशीबशी वाजते, दोन जोडल्या तर दोन्ही मरगळतात. शिवाय अनेक मोडेमांना डायलचे ठोके ओळखताच येत नाहीत. मग ठोके सुरांत बदलणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये बसवायचा, किंवा ठोके मोजणारा, घंटीची वारंवारता आणि ताल ठरवू देणारा इंटरनेट फोनचा अडॅप्टर घ्यायचा. त्याच्या सेटिंगमध्ये २५ आवर्तनं आणि तो ०.४-०.२ चा ताल भरला की आयटीआयचा फोन आपल्या बोलीत वाजतो. दिवे गेले की मात्र मोडेमबरोबर तोही गप्प. इन्व्हर्टरची वायर मोडेमपर्यंत न्यायला विसरू नये.

कन्व्हर्टर निवडताना आणखी एक चौकशी करून घ्यावी: कॉल लागल्यानंतरही तो ठोक्यांचे सूर करतो ना? ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणणारं बँकेचं यंत्र फक्त सूर ओळखतं. त्याच्यासमोर नुसता दोन फिरवला तर लाइन दोनदा तुटते, इतकंच.