निहालीचे उसने आकडे

अकोला-खंडवा रेल्वेमार्गावरचे तुकईथड बुऱ्हाणपूर जिल्ह्यात येते. या भागात कोरकू, निमाडी, हिंदी, मराठी अशा चार बोली कानावर पडतात. दक्षिणेला सातपुडा उतरला की बुलढाणा जिल्ह्यातला जळगाव जामोद तालुका लागतो. तिथल्या काही गावांत निहाली बोलतात. ही भाषा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार.

निहालीतले आकडे पाहा. दोनला ‘इरार’, चारला ‘नालो’. तमिळमधले ‘इरण्डु’ आणि ‘नालु’ लगेच आठवतात. पाचपासून पुढे मात्र आपल्याच ओळखीचे, मराठी-हिंदीच्या घराण्यातले आकडे सुरू होतात. म्हणजे नुसते मोजायला लागले तरी दोन वेगळ्या शेजारांच्या खुणा दिसतात. लहान आकडे भाषा सहसा सोडत नाही. ते उसने आले असतील, तर द्रविड भाषकांशी संबंध जुना आणि घरोब्याचा असणार.

मोठे आकडे बाजार आणि सरकारदरबाराबरोबर येतात. मराठीने फारसीतून ‘हजार’ घेतला आणि ‘सहस्र’ पूजेपुरता उरला. 1066 नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचे राज्य आले. इंग्रजीने ‘वन’, ‘टू’ स्वतःचे राखले, पण ‘सेकंड’ आणि ‘मिलियन’ फ्रेंचमधून घेतले. आज इंग्रजी शब्दकोशातले चारातले एकाहून अधिक शब्द फ्रेंच वाटेने आलेले आहेत. तरी ‘हँड’, ‘आय’, ‘वॉटर’ जुनेच.

निहालीचेही तसेच. डच अभ्यासक कुइपर यांनी 1962 साली तिच्या शब्दसंग्रहाची छाननी केली. कोरकूतून आलेले शब्द एक तृतीयांशाहून जास्त निघाले. पण सुमारे पाव भागाचा कुठल्याच भाषेशी मेळ बसेना. पाण्याला कोरकूत ‘दा’, निहालीत ‘जोप्पो’. विस्तवाला कोरकूत ‘सिंगेल’, निहालीत ‘अप्पो’.

ही लोकांनी मुद्दाम घडवलेली सांकेतिक बोली असावी, अशीही शंका घेतली गेली. मला ती पटत नाही. उसनवारीवरून भाषेला खोटे ठरवायचे, तर इंग्रजी आणि मराठीही सुटणार नाहीत. निहालीला खरा धोका उसन्या शब्दांचा नाही. घरातली मुले कोरकू आणि मराठीकडे वळत आहेत, आणि निहाली बोलणारी घरे कमी होत आहेत.