दर दोन तासांनीच का? परिचारिकेला पडायला हवा असा प्रश्न

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, हा धडा नर्सिंगच्या विद्यार्थिनींना सुरुवातीलाच मिळतो. बेडसोर टाळण्यासाठी कूस बदलणे आवश्यकच आहे. मात्र दोनच तास का, तीन किंवा चार का नाहीत, हा प्रश्न त्यांना पडावा आणि त्याचे उत्तर शोधता यावे, यासाठी बी.एस्सी. नर्सिंगला 'नर्सिंग संशोधन व संख्याशास्त्र' हा विषय आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात त्याला सातव्या सत्रात स्थान आहे.

पहिले कौशल्य प्रश्न नेमका मांडण्याचे. रुग्ण कोणते, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता मोजायचा, ही चार अंगे ठरली की शोधाला दिशा मिळते. दुसरे कौशल्य चिकित्सक वाचनाचे. अमेरिका व कॅनडातील २७ शुश्रूषागृहांतील ९४२ वृद्धांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलल्याने बेडसोरच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तथापि, हे वृद्ध दाट फोमच्या गाद्यांवर होते. साध्या गादीवरील अत्यवस्थ रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरेल. निष्कर्षाइतक्याच त्याच्या अटीही वाचाव्या लागतात, त्या अशा.

तिसरे कौशल्य आकड्यांचे. एका वॉर्डात दहापैकी तीन आणि दुसऱ्यात दहापैकी दोन रुग्णांना बेडसोर झाले, तर दुसऱ्या वॉर्डातील शुश्रूषा सरस ठरत नाही. एवढ्या थोड्या रुग्णांत असा फरक योगायोगानेही पडतो. शिवाय, रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आणि नीतिमत्ता समितीची मान्यता यांना पर्याय नाही. खाटेवरील रुग्णाला परिचारिकेस नकार देणे अवघड जाते, म्हणून हा भाग विशेष महत्त्वाचा.

या विषयाला परंपराही मोठी आहे. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये आकृत्यांद्वारे दाखवून दिले. त्यांच्या नोंदवहीचा उपयोग सैनिकांचे आरोग्य सुधारण्यासाठी झाला.

खरी अडचण शिकवण्याच्या पद्धतीत येते. जुन्या प्रकल्पाचे शीर्षक बदलून नवी प्रत बांधून घेतली, तर गुण मिळतात. कौशल्य मिळत नाही. त्याऐवजी वॉर्डातील एक छोटा प्रश्न, महिनाभराच्या प्रामाणिक नोंदी आणि त्यांवर परिचारिकांसमोर चर्चा, एवढेही पदवीच्या पातळीवर पुरेसे आहे. रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ परिचारिकाच असते. तिने पाहिलेले नीट मोजले गेले, तर त्याचा पहिला लाभ रुग्णालाच होईल.