आवाज कुठून, यापेक्षा आवाज कधी

स्टिअरिंगचा आवाज जिथून येतोय असं वाटतं, तिथेच त्याचं मूळ असेल याची खात्री नसते. डाव्या चाकाजवळच्या सांध्यात टक् झालं की ते कंपन रॅकमधून, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांडीतून, आणि स्टिअरिंगच्या पोलादी दांड्यातून थेट डॅशबोर्डपर्यंत चढतं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर, पोलादात 5000 मीटरच्याही वर. आवाज दोन्ही कानांवर पोचण्यात जो सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. इथे मात्र अख्खा डॅशबोर्डच थरथरत असतो, त्यामुळे मेंदू बोट दाखवतो ते डॅशबोर्डकडे. म्हणून जाणता मेकॅनिक ‘कुठून येतो’ यात फार अडकत नाही. तो विचारतो, आवाज कधी येतो?

गाडी उभी असताना? इंजिन बंद असतानाही? ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो, की गाडीचा वेग वाढल्यावर? एवढ्यावर निम्मे संशयित सुटतात. उभ्या गाडीत नुसत्या ॲक्सिलरेटरबरोबर चढणारा आवाज इंजिनावर चालणाऱ्या भागाचा, म्हणजे पंपाचा किंवा बेल्टचा. वळताना चालत्या गाडीत पुढच्या चाकाकडून कट-कट येत असेल, तर बहुतेक वेळा तो स्टिअरिंगचा नसतोच, ॲक्सलच्या सांध्याचा असतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ वाजलं तर शॉक ॲब्सॉर्बरच्या माथ्यावरचं बेअरिंग बघावं. ते जाम झालं की स्प्रिंगला पीळ बसतो आणि तो एकदम सुटतो.

तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचा घूंऽऽ असा आवाज मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्यानं 1920च्या दशकात ही यंत्रणा गाडीत बसवून दाखवली. सर्वसामान्य ग्राहकाला ती मिळाली 1951 मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत. आपल्याकडच्या जुन्या क्वालिस, इनोव्हा याच जातीच्या. पंप एका बाजूनं तेल ओढतो आणि दुसऱ्या बाजूनं दाबानं ढकलतो. हा दाब 80 ते 100 बारपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. ओढण्याच्या बाजूला दाब फार उतरला की तेलात बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाबाखाली सापडून कोसळतात. तोच हा घूंऽऽ. बुडबुडा कोसळताना आत किती प्रचंड दाब तयार होतो, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडलं. जहाजांच्या पंख्यांचा धातू का कुरतडला जातो, या कोड्याशीही त्याचा संबंध होता. तोच मार तुमच्या गाडीचा पंप खात असतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून तेलाच्या डबीत डोकवा. तेल दुधाळ, फेसाळ दिसलं तर त्यात हवा शिरली आहे. पातळी खाली असेल तर गळती शोधायची. नुसतं तेल ओतून भागत नाही. आणि गळतीचा डाग कुठेच नसेल तर डबीकडून पंपाकडे जाणारा रबरी पाइप नीट बघावा. त्याला तडा गेला असेल तर तो तेल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत ओढतो. पाइप बदलल्यावर पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं, डबीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मधून मधून कंपनीनं सांगितलेलंच तेल भरत राहायचं. स्टिअरिंग अगदी टोकाला नेल्यावर येणारा ‘स्सऽऽ’ मात्र बिघाडाचा नव्हे. जादा दाब सोडणारी झडप उघडल्याचा तो आवाज. फक्त तिथे स्टिअरिंग धरून ठेवू नये, तेल तापतं.

करकर, कुईकुई यांचं शास्त्र वेगळं. दोन पृष्ठभाग अडकतात, ताण साठतो, एकदम घसरतात, पुन्हा अडकतात. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच घडतं. कोरडा पडलेला बॉल जॉइंट आणि कडक झालेला रबरी बुश याच रीतीनं वाजतात. त्यावर मिळेल ते ऑइल फवारण्याची सवय मला घातक वाटते. खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं. आवाज दोन दिवस गप्प होतो आणि बुश कायमचा जातो.

सुझुकीनं 1988 मध्ये सर्वो या छोट्या गाडीत विजेवर चालणारं स्टिअरिंग आणलं. आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत तेच असतं, त्यामुळे तेलाचा घूंऽऽ गेला. त्याऐवजी स्टिअरिंग जरासं डावी-उजवीकडे हलवलं की टिक्-टिक् येऊ लागलं. अनेक गाड्यांत मोटर आणि तिच्या पुढच्या गिअरच्या मध्ये बोटाच्या दोन पेरांएवढा, चांदणीच्या आकाराचा लवचिक कपलर असतो. काही वर्षांनी तो कडक होतो, पाकळ्या तुटतात आणि उघडल्यावर आत भुगा सापडतो. त्या मोकळ्या जागेत धातू धातूवर आपटतो. पुष्कळ ठिकाणी मालकाला अख्खा कॉलम बदलायला सांगतात. कपलर सुटा मिळतो का, हे आधी विचारावं. काम मात्र घरी करू नये. वर एअरबॅग असते, आणि बॅटरी काढून ठरलेला वेळ थांबल्याशिवाय तिथे हात घालायचा नसतो.

खड्ड्यांतून जाताना खडखड येत असेल तर हातासारखं साधन नाही. एकानं आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्यानं खाली एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. ज्या सांध्यात ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, आहे तिथला ठोका बोटांना स्पष्ट लागतो. कोकणातल्यासारख्या पावसात रॅकचा रबरी बूट फाटला असेल तर चिखल-पाणी आत जाऊन रॅक गंजतो. स्वस्तातला बूट वेळेवर बदलला तर महागडा रॅक वाचतो. रॅकला चाकाशी जोडणारा सांधा, म्हणजे टाय रॉड एंड, बदलला की व्हील ॲलाइनमेंट करावीच लागते, नाहीतर टायर एका बाजूनं झिजतात. आणि टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट हाताला ढिला लागला, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये. तो सांधा निखळला तर चाक ताब्यात राहत नाही. टोइंग व्हॅन बोलवावी.