घोड्याच्या चालीचा उपचार

घोड्याच्या मदतीने केले जाणारे उपचार ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ घोड्याची चाल हेच उपचाराचे साधन म्हणून वापरतात. याला हिप्पोथेरपी म्हणतात. दुसरा प्रकार उपचारात्मक घोडेस्वारीचा. त्यात प्रशिक्षित शिक्षक दिव्यांग मुलाला किंवा प्रौढाला घोडेस्वारीच शिकवतो आणि शिकता शिकता तोल, एकाग्रता व आत्मविश्वास वाढत जातो. तिसऱ्या प्रकारात घोड्यावर बसण्याची गरजच नसते. खरारा करणे, चारा घालणे, लगाम धरून घोड्याला फिरवणे ही कामे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली केली जातात. हे तिन्ही प्रकार मूळ औषधोपचाराला आणि नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून आहेत, त्यांची जागा घेण्यासाठी नाहीत.

लिस हार्टेलपासून पुढे

या उपचारांकडे जगाचे लक्ष वळवले ते डेन्मार्कच्या लिस हार्टेल या घोडेस्वार स्त्रीने. १९४४ साली, गरोदर असताना, तिला पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. तरीही तिने सराव सोडला नाही. घोड्यावर चढायला-उतरायला तिला दुसऱ्याचा आधार लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात स्त्रियांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीने भाग घेता आला. त्याच स्पर्धेत हार्टेलने रौप्यपदक मिळवले आणि १९५६ साली पुन्हा रौप्यपदक जिंकले. त्यानंतर युरोपात दिव्यांगांसाठी घोडेस्वारीची केंद्रे वाढू लागली. १९६९ साली ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत या कामाच्या राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून दिव्यांगांच्या घोडेस्वारीला तिथे कायमचे स्थान मिळाले.

चालीत काय घडते

कदम चालीत घोड्याचे चारही पाय वेगवेगळ्या क्षणी जमिनीला टेकतात. त्यामुळे त्याची पाठ पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना हलते, शिवाय थोडी पिळवटतेही. पाठीवर बसलेल्या माणसाच्या कमरेला हीच हालचाल मिळते. माणूस स्वतः चालतो तेव्हा त्याच्या कमरेची जी हालचाल होते, तिच्याशी ती बरीच जुळते. घोडा मिनिटाला साधारण शंभर पावले टाकतो. म्हणजे वीस मिनिटांच्या सत्रात मुलाच्या कमरेला हा हेलकावा सुमारे दोन हजार वेळा मिळतो. जे मूल कधी आपल्या पायांवर चाललेले नाही, त्याच्या मेंदूला आणि स्नायूंना चालण्याची लय अशी ओळखीची होते.

प्रत्येक हेलकाव्याबरोबर शरीराचा तोल किंचित ढळतो आणि तो सावरण्यासाठी पोट, पाठ आणि मान यांचे स्नायू आपोआप कामाला लागतात. पाय दोन्ही बाजूंना सोडून बसल्याने मांड्यांच्या आतल्या बाजूचे आखडलेले स्नायू ताणले जातात. घोड्याच्या शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे माणसापेक्षा थोडे जास्त असते. खोगिराऐवजी पातळ नमदा घातला, तर ही ऊब स्नायूंना सैल व्हायला मदत करते. घोड्याचा वेग कमी-जास्त करणे, त्याला थांबवून पुन्हा चालवणे, वर्तुळात किंवा चढावर नेणे, मुलाला उलट्या तोंडाने बसवणे अशा बदलांतून थेरपिस्ट उपचाराची मात्रा ठरवतो.

मुलांना होणारे लाभ

सर्वाधिक अभ्यास सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांवर झाला आहे. मेंदूची वाढ होत असताना त्याला इजा झाल्याने हा विकार होतो आणि शरीराची ठेवण व हालचाल बिघडते. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला आठ मिनिटे चालत्या घोड्यावर बसवले, तर दुसऱ्याला तितकाच वेळ न हलणाऱ्या पिंपावर, पाय तसेच दोन्ही बाजूंना सोडून. शरीराच्या डाव्या-उजव्या स्नायूंच्या कामातील असमतोल घोड्यावर बसलेल्या गटात कमी झाला, पिंपावर बसलेल्या गटात तसा बदल दिसला नाही. नुसती बैठक पुरेशी नाही, घोड्याची चालही लागते, असे या अभ्यासातून दिसते. मात्र त्यात फक्त १५ मुले होती. २००९ साली ऑस्ट्रेलियात ९९ मुलांवर दहा आठवड्यांची घोडेस्वारी तपासली गेली, तेव्हा एकूण हालचालींच्या क्षमतेत ठळक फरक आढळला नाही. तेव्हा बसण्याची स्थिरता आणि तोल यांत सुधारणेची आशा ठेवावी. मूल यामुळे चालू लागेल, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

स्वमग्न मुलांबाबतचा पुरावा उत्साह वाढवणारा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ६ ते १६ वर्षांच्या शंभराहून अधिक मुलांचा समावेश होता. एक गट दहा आठवडे घोडेस्वारी शिकला. दुसऱ्या गटाला त्याच जागी घोड्यांविषयी माहिती दिली, पण प्रत्यक्ष घोडा दिला नाही. घोडेस्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली, इतरांशी होणारा संवाद सुधारला आणि बोलण्यातल्या शब्दांची संख्याही वाढली. ‘चल’ म्हटल्यावर घोडा चालतो, ‘थांब’ म्हटल्यावर थांबतो. बोलण्याचा परिणाम तिथल्या तिथे दिसला की क्वचित बोलणाऱ्या मुलालाही शब्द वापरावासा वाटतो.

प्रौढांसाठी

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात तोल जाणे, थकवा येणे आणि स्नायू आखडणे हे मोठे त्रास असतात. जर्मनीतील पाच केंद्रांवर ७० रुग्णांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना बारा आठवडे हिप्पोथेरपीची जोड मिळालेल्या रुग्णांचा तोल इतरांपेक्षा अधिक सुधारला. स्वीडनमध्ये पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांवरील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना घोडेस्वारीवर आधारित, तर काहींना ताल-संगीतावर आधारित उपचार दिले होते. कोणताही जादा उपचार न मिळालेल्या गटाच्या तुलनेत या दोन्ही गटांतील अधिक रुग्णांना आपण बरे होत असल्याचे जाणवले.

मानसिक आघातानंतरच्या तणावविकारावर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ६३ माजी सैनिकांवर काम झाले. आठवड्यातून एक, अशी आठ गटसत्रे घेतल्यावर त्यांची लक्षणे कमी झाल्याचे २०२१ साली नोंदवले गेले. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्याची मर्यादा आहे. घोडा हा शिकार होणारा प्राणी असल्याने समोरच्याच्या हालचाली आणि ताण तो चटकन टिपतो. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ सालच्या प्रयोगात माणसाच्या रागीट चेहऱ्याचे छायाचित्र पाहून घोड्यांच्या हृदयाचे ठोके वाढल्याचे दिसले. माणूस शांत झाला की घोडाही बहुधा शांत होतो. आपल्या मनःस्थितीचा असा तात्काळ पडताळा अबोल झालेल्या प्रौढांना उपयोगी पडतो.

धोके आणि अटी

घोड्यावर बसवण्याआधी डॉक्टरांची तपासणी आवश्यक असते. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके अस्थिर असतात, त्यांना पडणे किंवा हिसका बसणे घातक ठरू शकते. आटोक्यात नसलेली फिट, निखळलेला खुब्याचा सांधा, पाठीच्या कण्याचा तीव्र बाक, ठिसूळ हाडे, घोड्याच्या केसांची ॲलर्जी, या स्थितींत हा उपचार टाळावा लागतो किंवा फार जपून करावा लागतो. पूर्व विदर्भात सिकल सेल आजाराचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात मांडीच्या हाडाचे डोके झिजू शकते, म्हणून अशा रुग्णाने खुब्याची तपासणी करून घेतल्याशिवाय पाय फाकवून बसू नये.

चांगल्या सत्रात लगाम धरणारा एक जण, मुलाच्या दोन्ही बाजूंनी चालणारे दोन मदतनीस आणि थेरपिस्ट असतात. डोक्यावर हेल्मेट असतेच. घोडा शांत, समान चालीचा आणि निरोगी हवा. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो, त्यामुळे घोड्याची त्यासाठी रक्ततपासणी झालेली असावी. पागेच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून मुलाची लस पूर्ण झालेली असावी. वरातीतली घोडी गोंगाटाला सरावलेली असते, पण तेवढ्याने ती उपचारासाठी योग्य ठरत नाही. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. घोड्यालाही सत्रांच्या मधल्या वेळात विश्रांती आणि पाणी मिळाले पाहिजे.

विदर्भातून पाहताना

देशात घोडे कमी होत आहेत. २०१९ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरली, आणि २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्के होती. महाराष्ट्रातील भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. धनगरांच्या स्थलांतरात ओझी वाहणारा हा काटक, बुटका घोडा मुलांच्या उपचारासाठी उंचीने सोयीचा ठरू शकतो. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मोठी रुग्णालयेही आहेत. दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी एकत्र काम केले, तर विदर्भात असे केंद्र उभे राहणे अशक्य नाही.

तोवर विदर्भातील मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावांतील पालकांनी थांबून राहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघर येथे झाली. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलांची तपासणी करतात आणि गरजू मुलांना जिल्हा पातळीवर पुढील उपचारांसाठी पाठवतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असल्यास राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, आणि त्यात नियमित थेरपीचा खर्चही येतो. घोड्याच्या बैठकीचा काही अंश घरीही साधता येतो. फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे मुलाला लोडावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसवून हळूहळू डोलवणे, हा फिजिओथेरपीच्या नेहमीच्या व्यायामांपैकीच एक आहे. मानसिक त्रासात असलेल्या प्रौढांसाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

मुलाचे निदान लवकर व्हावे आणि व्यायामात खंड पडू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. त्याला प्रशिक्षित माणसांच्या हाती असलेल्या घोड्याची जोड मिळाली, तर ती जरूर घ्यावी.