फुप्फुसातील बुरशी आणि दाहाचा तोल

“डॉक्टर, आमच्या घरात कुठेही बुरशी नाही. मग यांच्या छातीत ती आली कुठून?” दम्याच्या एका वयस्क रुग्णाच्या पत्नीने विचारलेला हा प्रश्न आपल्यालाही पडू शकेल. उत्तर असे, की बुरशी आपणा सर्वांच्याच छातीत रोज जाते. ओलसर भिंत, कुंडीतील कुजलेला पालापाचोळा, जुन्या धान्याची धूळ यांतून अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत मिसळतात. अवघ्या २ ते ३ मायक्रॉन आकाराचे हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तरीही बहुतेकांना काहीच होत नाही.

याचे श्रेय वायुकोशांत पहारा देणाऱ्या भक्षक पेशींना आहे. त्यांच्या पृष्ठभागावर ‘ग्राही’ रेणू असतात. यांनाच आम्ही रिसेप्टर म्हणतो. त्यांपैकी डेक्टिन-१ हा रेणू बुरशीच्या भिंतीतील बीटा-ग्लुकन ही शर्करा ओळखतो, हे गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखविले. त्यापूर्वी, १९९६ मध्ये, ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसले होते, की ‘टोल’ नावाचा ग्राही नसलेल्या फळमाश्या याच बुरशीच्या संसर्गाने मरतात. हॉफमन यांना २०११ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. माशीवरचे संशोधन आपल्या खोकल्याच्या इतके जवळचे असेल, असे कोणाला वाटले असते!

मला विशेष वाटते ते या ग्राहींच्या संयमाचे. निद्रिस्त बीजाणूवर प्रथिनाचे आवरण असते. त्याखाली बीटा-ग्लुकन झाकलेले राहते आणि पेशी शांत राहतात. बीजाणू ओलाव्याने फुगून रुजू लागला, की आवरण गळते, शर्करा उघडी पडते, डेक्टिन-१ इशारा देतो आणि रक्तातील न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. हाच दाह. प्रत्येक निद्रिस्त बीजाणूवर असा गहजब झाला असता, तर आपण संध्याकाळपर्यंत धापा टाकत बसलो असतो.

दाह कमी पडला, तर बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते. केमोथेरपी घेणारे, अवयवरोपण झालेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे रुग्ण या धोक्यात असतात. उलट, दम्याच्या काही रुग्णांत बुरशी ऊतींत शिरत नाही. तिच्याविरुद्धची अ‍ॅलर्जीच श्वासनलिका खराब करते. तेथे स्टिरॉइड हे औषधच आहे. बुरशी तीच, गोळीही तीच; एका रुग्णाला ती तारते, दुसऱ्याला घात करते.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांना ही अ‍ॅलर्जीच होती. देखरेखीखाली घेतलेल्या स्टिरॉइडने ते बरे झाले. पुढील पावसाळ्यात खोकला सुरू होताच त्यांनी जुन्या चिठ्ठीवर त्याच गोळ्या आणल्या आणि दीड महिना घेतल्या. साखर वाढली, ताप हटेना, थुंकीतून रक्त पडले. या वेळी बुरशी फुप्फुसात शिरली होती. अनेक आठवड्यांच्या उपचारांनंतर ते घरी आले, पण आता एक जिना चढताना दोनदा थांबतात. २०२१ मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीने आपल्याकडे जो कहर केला, त्यामागेही अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिरेक होता.

म्हणून घरातील ज्येष्ठांचा ताप प्रतिजैविकांनी उतरत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल किंवा पूर्वी क्षयरोग झालेल्या छातीत नव्याने त्रास सुरू झाला असेल, तर थांबू नका. दीर्घकाळ चाललेले स्टिरॉइड मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. तेही घातक ठरते. श्वासावाटे घेण्याच्या पंपाला घाबरून तो सोडू नये. पंप घेतल्यावर चूळ भरावी, एवढे पुरे. बुरशीविरोधी गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या व इतर अनेक औषधांचा परिणाम बदलतात. त्या बाई आता प्रत्येक भेटीला घरातील सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन येतात आणि माझ्या टेबलावर ओततात. मलाही ते सोयीचे पडते.