बारा मेगापिक्सेल आजही पुरतात

निकॉनचा डी९० बाजारात आला २००८ साली. त्याचा सेन्सर १२.३ मेगापिक्सेलचा. ए-फोर आकाराच्या ३०० डीपीआय छपाईला लागतात जेमतेम पावणेनऊ! म्हणजे अल्बमपुरता हा कॅमेरा मुळीच जुना झालेला नाही.

आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा नसतो; सेन्सरवरचं दृश्य छोट्या पडद्यावर दिसतं आणि तेवढा वेळ बॅटरी खर्च होत राहते. डी९० मध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून प्रिझममध्ये आणि तिथून थेट डोळ्यात पोचतो. बटण दाबताच आरसा खटकन वर जातो, शटर उघडतं.

बॉडीतच फोकसची मोटर असल्यानं जुन्या एएफ-डी लेन्सही त्यावर आपोआप फोकस होतात. अंधारात किंवा उडत्या पक्ष्यामागे मात्र नवा मिररलेसच सरस.

सेकंडहँड घेताना शटर किती वेळा पडलंय, ते आधी तपासून घ्या.