हिरव्या बाटलीतलं तेल

दोस्तांनो, दुकानात शेंगदाणा आणि करडईच्या डब्यांशेजारी ठेवलेली ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली पाहिलीत ना? हे तेल बियांचं नव्हे, अख्खं फळ ठेचून, दाबून काढलेलं!

१९५८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसल कीज यांनी सात देशांतल्या पुरुषांच्या हृदयाचा अभ्यास सुरू केला. ग्रीसच्या क्रीट बेटावरची माणसं हे तेल भरपूर खात, तरी हृदयविकाराने मरणारे तिथे फारच थोडे. अर्थात ती माणसं भाज्या, कडधान्यंही खात आणि शेतात राबत. तेव्हा सगळं श्रेय तेलाला नको! पण लोण्या-तुपाऐवजी हे तेल वापरलं, तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं, हे खरं. 'ऐवजी' हा शब्द नीट वाचा, बरं का! नेहमीच्या जेवणावर वरून ओतलंत, तर वजनच वाढायचं. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, शेंगदाणा तेलाइतक्याच.

"मग भजी तळायची का?" 'एक्स्ट्रा व्हर्जिन' तेल साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअसला धुरकटू लागतं. भाजी परतायला चालतं. पण खूप तापवलं की स्वाद जातो, काही गुणकारी द्रव्यंही घटतात. एवढे पैसे मोजून ते कढईत जाळायचं कशाला? कोशिंबिरीवर घाला. आणि आईबाबांनो, बाटलीवर 'पोमेस' लिहिलेलं असेल, तर ते चोथ्यातून रसायन वापरून काढलेलं तेल.

चाखताना घसा किंचित खवखवला, तर घाबरू नका. ती ओलिओकँथल नावाच्या द्रव्याची करामत. ताज्या, चांगल्या तेलात ते असतंच.